ठिणगीचा मुहूर्त आणि निर्मलचा घाट

नागपूरहून हैदराबादेस जाणारा जुना हमरस्ता महबूबघाट उतरून निर्मलास येतो आणि पुढे सोनजवळ गोदावरी ओलांडतो. आदिलाबाद जिल्ह्यातून २०१६ साली वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे हे ठाणे आपल्या वाचकांस तेथील लाकडी खेळण्यांमुळे आणि जवळच असलेल्या बासरच्या ज्ञानसरस्वतीमुळे परिचित आहे. मुलांच्या अक्षरारंभासाठी बासरास जाणाऱ्यांना रेल्वेचे स्थानक आहे. निर्मलास ते लाभले नाही. म्हणून या गावची ये-जा मोटारीच्या स्वाधीन राहिली, आणि उत्तरेकडे निघालेल्या प्रत्येक मोटारीची परीक्षा घाटाने घेतली.

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या वर येऊन वायू दाबतो आणि प्लगची ठिणगी तो पेटवते. ठिणगी दट्ट्या अगदी माथ्यावर पोहोचल्यावर पडत असेल असे कोणासही वाटेल. परंतु वायू पेट घेऊन पुरता भडकण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने का होईना, वेळ लागतो. मिनिटास ३००० फेऱ्यांच्या वेगात एक सहस्रांश सेकंदात इंजिनाचा दांडा १८ अंश फिरतो. ६०० फेऱ्यांत अवघा ३.६ अंश. तेव्हा वेग जितका अधिक, तितकी ठिणगी आधी पडली पाहिजे. लग्नात अंतरपाट दूर करण्याची घटका पंचांगात ठरलेली असते. येथे मुहूर्त क्षणोक्षणी बदलतो.

हा मुहूर्त प्रारंभी चालकच साधीत असे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत चाकाखाली डावीकडे ठिणगीची आणि उजवीकडे पेट्रोलची, अशा दोन दांड्या होत्या. सपाटीवर ठिणगी पुढे घ्यावी. चढाला गाडी लागून इंजिन मंदावले की तीच मागे ओढावी. ओढली नाही, तर दट्ट्या वर येत असतानाच भडका उडतो, आतून ठोक्याचा आवाज येऊ लागतो, आणि दुर्लक्ष केले तर दट्ट्याच निकामी होतो. फार मागे ठेवली, तर गाडी ओढीत नाही आणि इंजिन तापते. प्रवासी भरलेली गाडी घाटात अडकू नये, हे सर्वस्वी चालकाच्या कानावर अवलंबून असे. ठिणगी पुढे राहून गेली असता हँडल मारणाऱ्याचे तर दैवच. हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे प्रकार त्या काळी सर्वत्र घडत.

पुस्तकांत नावे आढळतात ती शोधकांची, आणि ती योग्यच आहेत. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत केटरिंग यांनी बॅटरीवरची ठिणगी व विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आणला, आणि हँडलचा उलटा फटका हळूहळू इतिहासजमा झाला. केटरिंग यांच्या कंपनीचे आद्याक्षरी नाव ‘डेल्को’. आपल्याकडील मिस्त्री ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरलाच डेल्को म्हणू लागले. कंपनीचे नाव असे वस्तूस चिकटले. परंतु घाटातल्या चालकाने कानाने जे केले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

१९३२ च्या जून महिन्यात निजामाच्या रेल्वेने हैदराबाद संस्थानात २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या फोर्ड व्ही-८ गाडीतून ठिणगीची दांडी नाहीशी झाली. डेल्कोच्या आत फिरणारी दोन लहान वजने वेग वाढताच बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे आणतात. पुढे सर्रास झालेला पोकळीचा पडदा हलक्या भारावर तीत भर घालतो. चढावर पेट्रोल पुरते उघडले की पोकळी क्षीण होते आणि ती भर आपोआप निघून जाते. चालकाचा हात जे करी, तेच हे.

तरीही मूळ मुहूर्त माणसानेच लावावयाचा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट घ्या, वा अँबॅसेडर घ्या. दोहोंत ठिणगीचा क्रम १–३–४–२. पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवून, पुलीवरची खूण जुळवून मिस्त्री डेल्को किंचित फिरवी आणि स्क्रू आवळी. मग गाडी चढावर नेऊन ऐकावयाची! पेट्रोल हलके मिळाले तर ठोका लवकर येई, आणि पुन्हा डेल्को अंशभर मागे. पॉइंट झिजले की मुहूर्त आपोआप सरके, म्हणून हे काम कायमचे कधी संपत नसे.

आताच्या गाड्यांत डेल्को उरलेला नाही. पुष्कळ इंजिनांच्या अंगावर स्फटिकाचा एक लहानसा कान घट्ट बसविलेला असतो. महबूबघाटात ठोका उमटला की तो गणकयंत्रास कळवितो, आणि ठिणगी अंशाअंशाने मागे येते.