मोकळी धावपट्टी आणि मोडलेली धावपट्टी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस विमानतळावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी माझी एक चूक सांगतो.

२०१४च्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात एका छोट्या सभेत मी ठासून सांगितलं होतं, की उजळाईवाडीचा विमानतळ आता बंद करून टाकावा. नियमित विमानसेवा थांबून काही वर्षं झाली होती. मी त्या बाजूला फिरायला जायचो. कुंपणाच्या आत वाऱ्यावर हलणारं गवत आणि क्वचित एखादं छोटं खासगी विमान, एवढंच दिसायचं. तेव्हा माझा युक्तिवाद असा होता: वापर नाही म्हणजे गरज नाही, आणि गरज नाही तर जागा दुसऱ्या कामाला द्या. टाळ्याही पडल्या. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसानं 'वापर नाही'वरून 'गरज नाही'वर अशी उडी मारली! एखाद्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत हे लिहिलं असतं तर मी तिथे लाल शाईनं रेघ ओढली असती.

आता थोडा इतिहास. कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन. मिरजेहून आलेली लाइन १८९१ साली इथे पोचली आणि इथेच थांबली. पुढे सह्याद्री. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी कोल्हापूरची गाडी घाट उतरून कोकणात गेलेली नाही. अशा टोकाच्या गावाला आभाळाकडचा रस्ता सुचावा यात नवल नाही. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, इथे विमानतळ झाला. तारीख लक्षात घ्या. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्यानंतर सात वर्षांच्या आत एका संस्थानानं आपल्या गावाबाहेर धावपट्टी आखली. त्या वेळी विमानात बसणारे किती असतील? बोटांवर मोजण्याइतके. आजच्या हिशेबानं तो प्रकल्प पहिल्याच बैठकीत नापास झाला असता.

पुढची कहाणी म्हणजे उघडझाप. विमान कंपन्या आल्या, गेल्या. तिकिटं खपेनात, कंपनी बुडाली, विमान दुसरीकडे वळवलं, अशी कारणं बदलत राहिली. मात्र एक गोष्ट टिकली: ती सलग, सपाट, मोकळी पट्टी. लांबी १३७० मीटर. मोठ्या जेट विमानाला ती अपुरी, पण पंख्याच्या सत्तर आसनी विमानाला कसंबसं भागतं. केंद्र सरकारची 'उडान' योजना आली आणि २०१८ मध्ये कोल्हापूरला पुन्हा नियमित विमान उतरू लागलं. पुढे धावपट्टी १९३० मीटर केली, मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. सभेत टाळ्या देणाऱ्यांपैकी दोघं मला त्याच विमानतळावर भेटले. आम्ही तिघंही मुंबईला निघालो होतो! त्या सभेचा विषय कोणीच काढला नाही.

दरम्यान ऑगस्ट २०१९चा महापूर येऊन गेला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि पुणे-बंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद पडला. ट्रकांच्या रांगा लागल्या, मुंबईचं दूध अडलं. रेल्वेही विस्कळीत. अशा वेळी उंचावरची ती धावपट्टी कोरडी होती आणि जिल्ह्यात यायला हवेतून तरी वाट होती. इथे मी जपून बोलतो. विमानतळानं पूर थोपवला नाही, दुधाचे टँकर काही विमानातून जात नाहीत, आणि बुडालेल्या घरांतून माणसं काढली ती बोटींनी आणि गावोगावच्या पोरांनी. पण जिथे इतर सगळी दारं बंद होतात तिथे एक उघडं असणं, याची किंमत वर्षाच्या प्रवासीसंख्येत कुठल्या रकान्यात लिहायची?

इथे मला नैयायिकांची आठवण होते. 'नाही' या शब्दाचे त्यांनी किती बारकाईनं भाग पाडले आहेत! घडा अजून घडलेलाच नाही, तो प्रागभाव. घडा फुटला, तो प्रध्वंसाभाव. प्रागभावाला सुरुवात नसते पण शेवट असतो, कारण घडा घडला की तो संपतो. प्रध्वंसाभावाचं उलटं: त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला तो घडा पुन्हा होत नाही. होतो तो दुसरा घडा. आणि काहींनी आणखी एक प्रकार मानला, सामयिकाभाव. जमिनीवर आत्ता घडा नाही, कारण कोणीतरी तो उचलून नेला आहे. परत आणून ठेवला की अभाव संपला. २०१४ साली उजळाईवाडीत विमान नव्हतं, तो सामयिकाभाव होता. मी त्याला प्रध्वंसाभाव करायला निघालो होतो, आणि दोन्हींना मराठीत आपण एकच शब्द वापरतो: 'बंद'.

प्रध्वंसाभाव म्हणजे काय, ते मी पाहिलं शिकागोला. पुतण्या तिथे असतो. त्यानं मला मिशिगन सरोवराच्या काठी, तारांगणाच्या पलीकडे, नॉर्दर्ली आयलंडवर फिरायला नेलं. सुंदर जागा आहे, गवत, तळं, पक्षी. १९४८ ते २००३ इथे मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता, एकच धावपट्टी, जेमतेम ३९०० फूट. शहराच्या मध्यवस्तीपासून हाकेच्या अंतरावर. छोटी विमानं, कामासाठी येणारी माणसं, रुग्णांना घेऊन येणारी विमानं यांची ती जागा. संगणकावर विमान चालवायचा तो प्रसिद्ध खेळ आहे ना, त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत सुरुवात याच धावपट्टीवरून व्हायची. पुतण्याच्या मुलाला आपल्या घरामागची बाग माहीत नव्हती, पण मेग्ज पाठ होता.

आता न्यायानं बोलायचं तर बागेची बाजूही दुबळी नव्हती. डॅनियल बर्नहॅमच्या १९०९च्या आराखड्यात सरोवराचा काठ लोकांना फिरायला मोकळा असावा, बेटांवर उद्यानं असावीत, असंच होतं. जागा उद्यान मंडळाची, भाडेपट्टा पन्नास वर्षांचा, तो १९९६ साली संपला. महापौर रिचर्ड डेली यांनी विमानतळ बंद केला. राज्याच्या दबावानं १९९७ मध्ये तो पुन्हा उघडला. २००१ मध्ये गव्हर्नर आणि महापौर यांच्यात तडजोड झाली की २०२६ पर्यंत तो चालू ठेवायचा. पण तिला लागणारा केंद्रीय कायदा काही झाला नाही.

आणि मग ३० मार्च २००३ची रात्र. मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांच्या बंदोबस्तात बुलडोझर आत शिरले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. सकाळी लोक उठले तेव्हा विमानतळ नव्हता. सोळा विमानं आत अडकली होती. ती नंतर बाजूच्या टॅक्सीवेवरून उडवून न्यावी लागली. कारण सांगितलं गेलं सुरक्षेचं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला दीडच वर्ष झालं होतं, त्यामुळे ते कारण चालण्यासारखं होतं. चर्चा करत बसलो असतो तर वाद चिघळत राहिला असता, असंही महापौरांचं म्हणणं. हे वाक्य मला अस्वस्थ करतं. कारण ते खरं आहे. चर्चा केली असती तर वाद झालाच असता. लोकशाहीत त्याच वादाला निर्णयप्रक्रिया म्हणतात.

तीस दिवसांची पूर्वसूचना न दिल्याबद्दल दंड झाला तेहतीस हजार डॉलर. एवढाच, कारण कायद्यात तेवढीच तरतूद. शिवाय विमानतळांसाठीचा निधी पाडकामाला वापरल्याच्या प्रकरणात शहरानं १० लाख डॉलर परत केले. अमेरिकी काँग्रेसनं नंतर असा दंड दिवसाला ११०० डॉलरवरून १०,००० वर नेला. मेग्जला त्याचा काय उपयोग? घडा फुटलेला.

तुम्ही म्हणाल, बाग झाली, लोक फिरतात, वाईट काय? मी स्वतः तिथे बाकावर बसून आणलेले शेंगदाणे खाल्ले, मला काही वाईट वाटलं नाही. पण बागेचा पुन्हा विमानतळ कधी होणार नाही, आणि हे ठरवणाऱ्यांत त्या शहराचे लोक नव्हते.

विमानतळ राखणं फुकट नसतं, हेही बोललं पाहिजे. नुसती पट्टी राखून भागत नाही, तिच्या दोन्ही टोकांचं आभाळही राखावं लागतं. विमान तिरक्या रेषेत उतरतं. त्या रेषेत इमारत, मनोरा, चिमणी आली की पट्टी असून नसल्यासारखी. सोलापूरकर श्रोत्यांना मी काय सांगणार? होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. त्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं तंटा चालला, आणि जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. २०२५ मध्ये तिथून नियमित विमान सुरू झालं. ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जातो त्यांना विमानाचं कौतुक सांगायला मी तरी जाणार नाही. विमानात बसणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, हा या विषयातला खरा सल आहे. उजळाईवाडी, तामगाव, मुडशिंगीच्या शेतकऱ्यांनाही तो विचारा. माझं म्हणणं एवढंच, की हा हिशेब दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर व्हावा, आणि करताना हे ध्यानात असावं, की थांबलेली सेवा पुन्हा सुरू होते. शहराच्या कडेची दीड-दोन किलोमीटर सलग जमीन एकदा प्लॉट पडून विकली गेली की ती परत गोळा करायची ताकद कुठल्याच सरकारात नसते.

जुहूचंच पाहा. १९२८ पासूनचा तो विमानतळ. टाटांचं विमान उतरलं तेव्हा तिथे चिखलाचं मैदान होतं. पावसाळ्यात पाणी साचायचं म्हणून टाटांची टपालसेवा पुण्याला हलवावी लागायची. पुढे सांताक्रूझ झालं, मोठी विमानं तिकडे गेली. मुंबईत जुहूची जमीन, सोन्याहून महाग, आणि तिच्यावर डोळा नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तरी ती राहिली. आज तिथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेतात, फ्लाइंग क्लबचं नाव तिथेच जोडलेलं आहे. १९८२ साली, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. स्वतः विमान चालवत कराचीहून आले. पुन्हा जुहूलाच उतरले.