राणेखानाचा बैल

आमच्या घरात पानिपत दोन तऱ्हांनी सांगितलं जायचं. आजोबांच्या पानिपतात तोफा, हत्ती आणि पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना लागलेली गोळी. आजीच्या पानिपतात यात्रेला निघालेल्या बायका. "लढाईला निघालेल्या फौजेमागं बायका गेल्याच कशाला?" असं आम्ही विचारलं की ती म्हणे, "अरे, तेव्हा वाटा धड होत्या का? काशी-प्रयाग करायचं तर फौजेच्या आधारानंच जायचं." आजोबा पानाचा डबा उघडत तोडून टाकत, "त्याच लोढण्यानं घात केला."

खरं तर फौजेतली आणि फौजेमागची मंडळी एकमेकांना नकोच होती. १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ अफगाण बादशहा अब्दालीवर चालून निघाले, तेव्हापासून लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, सरदारांचे कबिले आणि बाजारबुणगे यांचा मोठा तांडा होता. पुढं मुत्सद्दी म्हणून गाजलेला नाना फडणीसही अठराव्या वर्षी आई आणि बायकोला घेऊन याच तांड्यात होता. कबिले आणि जड तोफा मागं ठेवा, गनिमी काव्यानं लढू, असं मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. निजामाच्या चाकरीतून आलेल्या या कवायती पलटणी जुन्या घोडेस्वारांच्या डोळ्यांत सलत. दिल्ली घेतल्यावर सूरजमल नाराज होऊन घरी निघून गेला. उरलेल्यांना परत फिरायची सोय होती तोवर सगळे कुरकुरत का होईना, चालत राहिले.

ऑक्टोबर सरता सरता अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि ती सोय संपली. दक्षिणेची वाट त्याच्या ताब्यात गेली. पानिपत गावाशी खंदक खणून मराठे अडीच महिने अडकून पडले. आधी वैरण संपली, मग धान्य. रसदीची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लाकूडफाटा आणायला रात्री खंदकाबाहेर गेलेली माणसं अफगाण स्वारांच्या हाती सापडत. शेवटी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं शिपायांनीच भाऊंना जाऊन सांगितलं आणि विडे वाटले गेले.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. गोल बांधायचा, बायकामुलं मधे घ्यायची आणि लढत लढत यमुनेकडं सरकायचं, असा बेत होता. डाव्या बगलेवर गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली, पण त्यात ते स्वतःही बहुतेक कापले गेले. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. ज्याच्यावर सरदारांचा विश्वास नव्हता तो जागचा हलला नाही. दोन पिढ्या पेशव्यांबरोबर लढलेले मल्हारराव मात्र डाव फसलेला पाहून आपली फौज घेऊन निघून गेले. आजोबा त्यांना दोष देत नसत. "उरलेलं वाचवायलाही कुणीतरी लागतं," म्हणत. पण इब्राहिमखानाचं नाव आलं की पुढचं सांगायच्या आधी ते जरा थांबत.

आजीचा आवडता माणूस होता राणेखान. फौजेतला पाणक्या, भिस्ती. पळापळीत महादजी शिंद्यांना एका अफगाण स्वारानं गाठलं, पायावर घाव घातला आणि मेला समजून सोडून दिलं. राणेखानानं त्यांना उचललं, आपल्या बैलावर घातलं आणि सुखरूप दक्षिणेच्या वाटेला लावलं. एरवी शिंद्यांच्या डेऱ्यात त्याला मान वर करून बोलायचीही सोय नसती. महादजी जन्मभर लंगडले आणि जन्मभर त्याला भाऊ म्हणत राहिले. पाणक्याचा पुढं सेनानी झाला. १७८८ मध्ये रोहिला गुलाम कादिरानं दिल्लीत बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला हुसकावून शहर घेणाऱ्या मराठी फौजेच्या पुढं राणेखान होता. अब्दालीला बोलावणाऱ्या नजीबखानाचा हा गुलाम कादिर नातू.

आणि नाराज होऊन गेलेला सूरजमल? अंगावर धड वस्त्र न उरलेली माणसं त्याच्या मुलखात पोचली, तेव्हा त्यानं त्यांना अन्न, कपडे दिले, औषधपाणी केलं. बाजीरावांचा मुलगा समशेर बहादूर जखमी होऊन तिथंच पोचला आणि तिथंच वारला. नानाची बायको वाचली. आई मात्र त्या गर्दीत हरवली ती कायमची.

संकटात माणसं आपोआप एक होतात, हे पानिपतानं खरं ठरवलं नाही. अडीच महिने एकाच खंदकात उपाशी राहूनही मानापमान संपले नव्हते. खंदकानं एवढंच केलं की आधीची नाती, हुद्दे, जातधर्म यांवर बांधलेले अंदाज खोटे पाडले. पराभवाचं खापर फोडायला आपण यात्रेकरू, होळकर, गारदी अशी नावं अडीचशे वर्षं शोधत आलो आहोत. मुलांना पानिपत सांगताना त्या यादीआधी राणेखानाचं नाव सांगा.