देव झालेले अकरा सम्राट

१/ इ.स. २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात चांदीच्या नाण्यांची एक विलक्षण मालिका निघाली. तिच्यावर अकरा सम्राटांची मुखे होती आणि त्यांपैकी एकही हयात नव्हता. ऑगस्टसला जाऊन तर सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

२/ पुढील बाजूस किरणांचा मुकुट घातलेले मस्तक आणि 'डिव्हो', म्हणजे 'देवरूप झालेल्यास', हा शब्द. मागे 'कॉन्सेक्रातिओ', म्हणजे देवत्वप्रदान. सोबत गरुड किंवा वेदी. चितेवरून उडणारा गरुड सम्राटाचा आत्मा स्वर्गात नेतो, अशी कल्पना होती. हे देवत्व मात्र सिनेटच्या ठरावाने मिळे.

३/ ही मालिका सामान्यतः सम्राट डेसियसची (२४९–२५१) मानली जाते. फिलिपचा पराभव करून तो गादीवर आला होता. राजघराण्याचा वारसा त्याच्याकडे नव्हता आणि डॅन्यूबच्या सीमेवर गॉथ धडका देत होते. त्याने 'ट्रेजन' हे जुन्या विजेत्याचे नाव धारण केले.

४/ नाण्यांवरील नामावली अशी: ऑगस्टस, व्हेस्पेशियन, टायटस, नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कोमोडस, सेप्टिमियस सेव्हेरस आणि सेव्हेरस अलेक्झांडर.

५/ या यादीत क्लॉडियस नाही, जरी त्याला इ.स. ५४ मध्येच देवत्व मिळाले होते. कोमोडस मात्र आहे! १९२ मध्ये त्याचा खून झाल्यावर सिनेटने त्याची स्मृतीही धिक्कारली होती. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा पुत्र म्हणवले आणि या 'भावाला' देव करून घेतले. स्मृतीही सत्तेच्या सोयीने घडते, ती अशी.

६/ याच सुमारास डेसियसने रहिवाशांना देवांपुढे यज्ञ करण्याची आज्ञा दिली. यज्ञ केल्याचे दाखले इजिप्तमधील पपायरसांवर आजही वाचता येतात. नकार देणाऱ्या ख्रिस्ती लोकांना तुरुंगवास, छळ आणि काहींना मृत्यूही सोसावा लागला.

७/ नाण्यांतील चांदी तोवर बरीच घटली होती. डेसियसच्या काळातील काही नाणी तर जुन्या दिनारांवरच नवा ठसा मारून पाडलेली आहेत. खालचे पुसट मुख कधी कधी अजूनही दिसते.

८/ इ.स. २५१ मध्ये, आजच्या बल्गेरियातील अब्रिटस येथे, गॉथांशी लढताना डेसियस आणि त्याचा पुत्र दोघेही पडले. परकीय शत्रूशी लढताना रणांगणावर मारला गेलेला तो पहिला रोमन सम्राट. त्याचा देह दलदलीत नाहीसा झाला, असे प्राचीन लेखक सांगतात. ज्याने अकरा सम्राटांचे देवत्व नाण्यांवर मिरवले, त्याच्या नशिबी चिताही आली नाही.