टिकटिकणारं चाक

अब्बांची जुनी सायकल गेल्या महिन्यात पुन्हा रस्त्यावर काढली आणि पुढच्या चाकातून आवाज सुरू झाला : टिक, टिक. पायडल थांबवलं तरी चालूच, म्हणजे दोष क्रँकचा नव्हे. मी छर्रे बदलले, ग्रीस भरलं. पैसे गेले, आवाज राहिला.

दोष तारांत होता. बैलगाडीचा आरा ओझं खालून पेलतो. सायकलचं चाक ताणलेल्या तारांवर उभं असतं. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केयली यांनी १८०८ मध्ये मांडली, तीही विमानाच्या हलक्या चाकांसाठी. विमान अजून उडायचंच होतं! १८६९ मध्ये पॅरिसच्या युजीन मेयर यांनी अशा चाकाचं पेटंट घेतलं. पण हबमधून सरळ निघणाऱ्या तारा पायडलच्या जोराने पिळवटत. शिलाई मशीनच्या कारखान्यातून आलेल्या कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये त्या तिरक्या, एकमेकींना छेदत नेल्या. माझी टिकटिक त्या छेदावरचीच. चाकाच्या तळाशी येताना तारेचा ताण कमी होतो. ती आधीच ढिली असली की शेजारणीवर घासते.

दोन-दोन तारा चिमटीत दाबत गेलो. एक जोडी मऊ लागली. निपल अर्धा फेरा आवळलं, छेदावर तेलाचा थेंब सोडला, रिम आउट तर झाली नाही ना ते पाहिलं. आता अब्बांची तक्रार वेगळीच : मी घरी आलो ते कळत नाही.