दूध आटवण्याचा हक्क : फुलेवाड्यातल्या पस्तीस जणी आणि आपण

मागे पुण्यातल्या एका वस्तीत आमची महिलांची बैठक होती. विषय संविधानाचा होता. बैठक संपल्यावर एक तरुण बाळंतीण मागे रेंगाळली. चार घरची धुणीभांडी करणारी. ती हळूच म्हणाली, "ताई, अंगावरचं दूध बंद कसं करायचं? दवाखान्यात विचारलं तर म्हणाल्या, कसली आई गं तू?"

तिला काय सांगावे हे आम्हा कार्यकर्त्यांपैकी कोणालाही नीट माहीत नव्हते. कलमे पाठ होती, पण एका बाईच्या दाटलेल्या छातीवर उपाय माहीत नव्हता. त्या लाजेतून हा लेख लिहीत आहोत. वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न या शहरात नवीन नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो याच पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या दारात येऊन उभा राहिला होता. आणि त्या दारात कोणी "कसली आई तू" असे विचारले नव्हते.

जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाकडून तिला दिवस राहिले. बुवाने हात झटकले. लोकलाजेच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बुवाचे काय झाले? काही नाही. शास्त्र त्याचे, समाज त्याचा, अंदमान मात्र तिचे.

जोतीरावांनी 1863 मध्ये आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीच्या गल्लीबोळांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचे की इथेच ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय होता. ज्यांना विद्येचा अधिकार नाही असे ब्राह्मणी धर्म सांगत होता, त्या शूद्राच्या घरात त्याच धर्माने टाकलेल्या विधवांना आसरा मिळाला. हे आपण सगळे भाषणात सांगतो. पण "तुमच्या मर्जीवर" या शब्दांपाशी आपण थांबत नाही. तिथे थांबले पाहिजे.

4 डिसेंबर 1884 रोजी जोतीरावांनी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणाला लेखी उत्तर दिले. त्यात या गृहाचा हिशेब आहे. तोपर्यंत 35 गर्भवती विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. मुले जगली फक्त पाच. तीस मुले गेली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली असावीत, असे जोतीराव लिहितात.

हा आकडा आपण बालमृत्यूचा म्हणून वाचतो. आता तो आईच्या बाजूने वाचा. बाळंतपणात वार बाहेर पडली की शरीराला दूध तयार करण्याचा इशारा मिळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. मूल जिवंत आहे का, आईला पाजायचे आहे का, समाजाची परवानगी आहे का, हे शरीर विचारत नाही. म्हणजे त्या तीस जणींनाही दूध आले असणार. प्यायला कोणी नव्हते. आणि मूल तिथेच सोडून माघारी गेलेल्या बाईची अडचण तर आणखी वेगळी. ती "यात्रेहून" किंवा "नातलगाकडून" घरी परतणार. पोट सपाट झालेले लपवता येते, लुगड्याच्या पुढ्यावर उमटलेला ओला डाग लपवता येत नाही.

दूध म्हणजे पुरावा होता. नुकते बाळंतपण झाल्याची लक्षणे सांगताना न्यायवैद्यकशास्त्र स्तनातले दूध हे एक लक्षण म्हणून शिकवते. ज्या दुधाला आपली संस्कृती अमृत म्हणते, तेच दूध विधवेच्या छातीत असले की आरोपपत्र होते. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या प्रकरणावर पुरुषांनी स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुण्यातच छापून घेतली. दोष एकट्या बाईचा कसा, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

या गृहात काशीबाई नावाच्याच दुसऱ्या विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्यांना आई म्हणायला कोणी दुधाचा दाखला मागितला का? आणखी मागे जा. संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजले, ही आठवण पुणे जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते. त्यावरून सईबाईंच्या आईपणावर कोणी बोट ठेवत नाही, आणि ठेवूही नये. राजघराण्यात न पाजण्याची सोय असते, गरिबाच्या घरात तो गुन्हा होतो. आमचा आक्षेप या दुटप्पीपणाला आहे.

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडे. दूध आटवायचे कसे? जितके दूध बाहेर निघते तितके पुन्हा बनते. स्तन भरलेले राहिले की ते बनणे आपोआप मंदावते. पहिले काही दिवस त्रासाचे, मग दाटणे कमी होत जाते. पूर्ण आटायला काही आठवडे लागू शकतात. आधार देणारी पण न आवळणारी चोळी किंवा ब्रा घालावी. गार पट्ट्या ठेवाव्यात. फारच दाटले तर आराम पडेल एवढेच थोडे दूध हाताने काढावे, पूर्ण रिकामे करू नये. दुखण्यावरची साधी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. महिनोन्‌महिने पाजत असलेल्या बाईने एकदम न थांबता एकेक वेळ कमी करत जावे.

छाती फडक्याने करकचून बांधण्याची जुनी रीत मात्र सोडावी. त्याने गाठी होतात, पू होण्यापर्यंत वेळ येते. ताप, थंडी, लाल दुखरा भाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आयाबायांचे सगळेच अडाणीपणाचे होते असेही नाही. दक्षिणेत स्तनांवर मोगऱ्याच्या माळा बांधतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ही रीत ब्रोमोक्रिप्टिन या गोळीशी ताडून पाहिली आणि 1988 मध्ये निष्कर्ष छापला : दोन्हींनी दूध कमी झाले. पुढे त्याच गोळीने काही बाळंतिणींना झटके आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदींनंतर अमेरिकेत 1990 च्या दशकात दूध आटवण्यासाठी तिचा वापर थांबवला गेला. आज कॅबरगोलिन देतात. तीही रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला चालत नाही. म्हणून मेडिकलवाल्याला विचारून गोळी घ्यायची नाही. ती डॉक्टरांकडूनच घ्यायची.

काही साथी म्हणतील, आईचे दूध बाळाला सर्वोत्तम असताना तुम्ही उलटा प्रचार का करता? आम्ही उलटा प्रचार करत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस शास्त्राला धरून आहे. पावडरच्या डब्यांनी गरीब देशांत काय केले हेही आम्हाला माहीत आहे. घाण पाणी, पातळ केलेली पावडर, जुलाब आणि मेलेली मुले. त्यातूनच 1977 मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, 1981 मध्ये जागतिक संहिता आली आणि 1992 मध्ये आपल्याकडे डब्यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा झाला. तो कायदा आम्हाला हवाच आहे. पण बंदी कंपनीच्या जाहिरातीवर आहे, बाईच्या निर्णयावर नाही. जिचे मूल गेले, जिची कॅन्सरची औषधे सुरू आहेत, जिच्यावर बलात्कार झाला आणि जी मूल ठेवू शकत नाही, आणि जिला नुसतेच पाजायचे नाही, या सगळ्यांना माहिती मिळायला हवी. वरचे दूध द्यायचे तर ते उकळलेल्या पाण्यात, योग्य प्रमाणात, स्वच्छ वाटी-चमच्याने कसे द्यायचे हेही सांगायला हवे. टोमणा मारून बाळाचे पोट भरत नाही.

आणि "निवड" हा शब्द आपण भाबडेपणाने वापरू नये. त्या बहिणीला आम्ही विचारले, तुला पाजायचे नाही का? ती म्हणाली, "पाजायचंय. पण घरं सुटतील." ही निवड म्हणायची की सक्ती?

बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. रमाईंची चार लेकरे गेली, 1926 मध्ये राजरत्नही गेला. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला, तो फेटाळला गेला. एक विधेयक बाळंत झालेल्या बाईला सवड देणारे, एक ठराव बाळंत व्हायचे की नाही हे तिच्या हाती देणारा. दोन्ही मिळून एकच विचार होतो : बाईचे शरीर बाईचे, आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजायची नाही.

आज कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत, 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर आहे. पण हा कायदा कारखान्याला, कार्यालयाला, दुकानाला लागतो. कोणाच्या घरी भांडी घासणारीला तो लागत नाही. ती कोण आहे, तिची जात कोणती, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. आयटीवाली सहा महिने पाजू शकते, तिच्या घरची कामवाली महिन्यात दूध आटवते. मालकिणीचे बाळ सांभाळताना स्वतःच्या चोळीत पान्हा जिरवते.

फुलेवाड्याचा धागा या शहरात पूर्ण तुटलेला नाही. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या 'सोफोश' संस्थेचे 'श्रीवत्स' टाकलेली मुले सांभाळते. ससूनमध्ये मातृदुग्ध पेढीही आहे. दूध असून मूल नाही अशा बाईला वाटले तर ती तिथे दूध देऊ शकते, आणि नको वाटले तर आटवू शकते. 2015 च्या बालन्याय कायद्याने मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. जोतीरावांच्या "तुमच्या मर्जीवर" या शब्दांची ही कायद्यातली रूपे आहेत.

म्हणून युवा साथींनो, आमची मागणी दुहेरी आहे. जिला पाजायचे आहे तिला रजा, पगार आणि पाळणाघर द्या, घरकामगारासकट. जिला पाजायचे नाही तिला माहिती, औषध आणि आदर द्या. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

ती बहीण पुढच्या बैठकीला आली. आम्ही जे शिकलो ते तिला सांगितले. तिच्या दोन घरच्या बायकांशी वस्तीतल्या महिला मंडळाने बोलणी केली. एकीने महिनाभर जागा राखायचे कबूल केले, दुसरीने नाही. ती आता सकाळ-रात्र पाजते आणि दुपारचे दूध आटवते. अर्धी मर्जी तिची, अर्धी दुसऱ्याची. उरलेली अर्धी मिळवून देणे हे आपले काम आहे.

जय ज्योती, जय सावित्री, जय भीम!