1969 ची राष्ट्रपती निवडणूक : बँकांचा प्रश्न, बाहेरचे उमेदवार आणि मागे पडलेले एक नाव

राष्ट्रपतीपदाची निवडणूक आली की आपल्या तरुणांमध्ये पहिली चर्चा उमेदवाराच्या जातीची होते. ती चर्चा चुकीची नाही, पण अपुरी आहे. नाव कोण ठरवतो, कोणत्या गरजेपोटी ठरवतो आणि त्या वेळी लोकांच्या पोटापाण्याची काय अवस्था असते, हे पाहिल्याशिवाय त्या नावाचा अर्थ लागत नाही. हे समजून घ्यायला 1969 च्या निवडणुकीसारखे दुसरे उदाहरण नाही. सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार हरला आणि अपक्ष म्हणून उभा राहिलेला माणूस राष्ट्रपती झाला, अशी ही आजवरची एकमेव निवडणूक. तिच्यात एक मराठी अर्थतज्ज्ञ उमेदवार होते, आणि एका दलित नेत्याचे नाव सुरुवातीलाच बाजूला पडले होते.

गावातले मत दिल्लीपर्यंत कसे जाते

राजगडाच्या पाली दरवाजाच्या बाजूचे पाली गाव घ्या. तालुका वेल्हे, ज्याचे नाव आता राजगड झाले आहे. इथला मतदार राष्ट्रपतीला मत देत नाही. तो भोर विधानसभा मतदारसंघाचा आमदार आणि बारामतीचा खासदार निवडतो, आणि ते दोघे राष्ट्रपती निवडतात. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175 आहे, तर 2022 च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य 700 होते. मतदान गुप्त असते, पक्षाला व्हिप काढता येत नाही, आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नाही, तर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात.

म्हणजे महागाई, दुष्काळ, कर्ज यांची झळ या निवडणुकीपर्यंत थेट पोहोचत नाही. आमदार-खासदारांच्या गाळणीतून ती जाते. एरवी त्या गाळणीत सगळे अडकून पडते आणि पक्षाचा आदेश तेवढा खाली उतरतो. 1969 मध्ये मात्र सत्ताधारी पक्षच आतून फुटत होता.

रिकामे कोठार, दुबळे बहुमत

1965-66 आणि 1966-67 अशी सलग दोन वर्षे दुष्काळाची गेली. अमेरिकेच्या पीएल-480 योजनेतल्या गव्हावर देश जगत होता, आणि रेशनवरची लाल मिलो आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरचा भाव 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. पंचवार्षिक योजना तीन वर्षे थांबली. याचा फटका 1967 मध्ये बसला : लोकसभेत काँग्रेस 283 जागांवर आली आणि अनेक राज्ये तिच्या हातून गेली. राष्ट्रपती निवडणाऱ्या मतदारमंडळातले तिचे बळही त्याच प्रमाणात घटले. त्याच वर्षी सरन्यायाधीशपद सोडून विरोधकांतर्फे उभे राहिलेले के. सुब्बा राव हरले, पण डॉ. झाकीर हुसेन यांच्या 4,71,244 समोर त्यांना 3,63,971 मूल्याची मते पडली. बाहेरचा उमेदवार आता शोभेचा राहिलेला नाही, हे तेव्हाच दिसले होते.

3 मे 1969 रोजी झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उमेदवार ठरवण्यासाठी काँग्रेसचे संसदीय मंडळ जुलैमध्ये बंगळुरूला बसले. इंदिरा गांधींनी तिथे जगजीवनराम यांचे नाव सुचवले. गांधी जन्मशताब्दीचे वर्ष आहे, दलित राष्ट्रपती व्हावा, असा त्यांचा मुद्दा होता. कामराज, स. का. पाटील, मोरारजी देसाई आणि यशवंतराव चव्हाण यांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले आणि विषय संपला.

जगजीवनराम यांच्या राजकारणाशी आंबेडकरी चळवळीचे मतभेद जुने आणि खोल आहेत, ते इथे विसरायचे कारण नाही. तरीही त्या खोलीत काय घडले ते पाहा. एका गटाने हे नाव दुसऱ्या गटाला अडवण्यासाठी पुढे केले आणि दुसऱ्याने ते सहज मागे सारले. दलित समाजाचे त्याबद्दल काय मत आहे, हे विचारण्याची गरज दोघांनाही पडली नाही. त्यानंतर दलित राष्ट्रपती व्हायला 1997 साल उजाडले. के. आर. नारायणन झाले तेव्हा मधे 28 वर्षे गेली होती.

बँका आणि गिरी

बंगळुरूहून परतल्यावर पंतप्रधानांनी लढाई नावांवरून अर्थकारणावर नेली. मोरारजींकडून अर्थखाते काढले आणि 19 जुलै रोजी 14 मोठ्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतच होती. वटहुकमावर सही केली हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष उमेदवार म्हणून मैदानात उतरले.

हा निर्णय लोकांना का भिडला, ते एका आकड्यात समजते. जून 1969 मध्ये देशात बँकांच्या 8,262 शाखा होत्या आणि त्यांतल्या ग्रामीण शाखा 1,833. शेतीच्या वाट्याला बँक कर्जाचे सुमारे दोन टक्के येत. खेड्यातल्या माणसाला सावकाराचे दार माहीत होते, बँकेचे नाही. दलित शेतमजुराची तर गोष्टच नको. त्यामुळे गिरींना मत म्हणजे राष्ट्रीयीकरणाला मत, असे चित्र उभे राहिले. कामगार नेते असलेल्या गिरींना ते शोभतही होते. 1954 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या वेतन निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले होते.

चिंतामणराव देशमुख

1954 मध्ये अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आणि 1969 मध्ये तेच गिरींचे प्रतिस्पर्धी झाले. जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. कोणत्याही पक्षाचे नसलेल्या या माणसाला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केले. हे दोन्ही पक्ष बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते.

गंमत अशी की स्टेट बँक 1955 मध्ये स्थापन झाली आणि जानेवारी 1956 मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, तो याच देशमुखांच्या कारकिर्दीत. बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी अशी मागणी केली होती. तिचा एक भाग ज्याच्या हातून पुरा झाला, तोच तेरा वर्षांनी राष्ट्रीयीकरणविरोधकांचा चेहरा बनला. बाहेरच्या उमेदवाराचे असेच होते. त्याचे स्वतःचे काम मागे पडते आणि ज्यांनी उभे केले त्यांचा रंग त्याला लागतो.

काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र आणि जनसंघाकडे दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींसाठी मागितली. इंदिरा गटाने तेच हत्यार उलटवले आणि आपल्या आमदार-खासदारांना सद्सद्विवेकाने मत द्यायला सांगितले. 16 ऑगस्टला मतदान झाले, 20 ऑगस्टला मोजणी. रिंगणात पंधरा जण होते. पहिल्या पसंतीत गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548 आणि देशमुख 1,12,769. कोटा 4,18,169 चा असल्याने गिरीही अडकले. देशमुखांची बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, तरी शेवटी गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. कोट्याच्या वर फक्त 1,908.

दुसऱ्या पसंतीचा असाच प्रसंग श्रीलंकेत 2024 मध्ये आला. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते. 2022 मध्ये देश दिवाळखोर झाला, इंधनासाठी रांगा लागल्या आणि गोटाबाया राजपक्षे पळून गेले. सिंहली-बौद्ध अस्मितेच्या लाटेवर ते निवडून आले होते, पण रिकाम्या सिलिंडरपुढे ती अस्मिता टिकली नाही. 2019 मध्ये जेमतेम 3 टक्के मते मिळवणारे अनुरा कुमारा दिसानायके 42.31 टक्क्यांवर गेले आणि त्या देशात पहिल्यांदाच दुसरी पसंती मोजून निकाल लागला. आपल्याकडे असे थेट होऊ शकत नाही. घटनेने राष्ट्रपतीला राज्यकारभाराचा धनी केलेले नाही, म्हणून निवडही अप्रत्यक्ष ठेवली आहे.

दार किती अरुंद झाले

1969 मध्ये अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे. हौशी उमेदवार वाढले म्हणून 1974 मध्ये कायदा बदलला आणि दहा-दहा सह्या व 2,500 रुपये अनामत ठरली. 1997 पासून 50 सूचक, 50 अनुमोदक आणि 15,000 रुपये. पैशाची अडचण फारशी नाही. शंभर आमदार-खासदारांच्या सह्या ही खरी भिंत आहे, आणि माझ्या मते हौशी उमेदवारांना रोखण्यासाठी इतकी उंच भिंत लागत नव्हती. 2024 च्या विधानसभेत वंचित बहुजन आघाडीचा एकही आमदार निवडून आला नाही, यावरून हिशेब करता येईल.

2017 मध्ये रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार असे दोन्ही प्रमुख उमेदवार दलित होते. मीरा कुमार या जगजीवनराम यांच्या कन्या. कोविंद 7,02,044 विरुद्ध 3,67,314 असे जिंकले. त्या प्रचारात शिष्यवृत्ती, बंद पडलेली सरकारी भरती किंवा नोटाबंदीने मोडलेली रोजंदारी यांवर कोणी निवडणूक लढवली नाही. बँकांनी दुर्बल घटकांना 12 टक्के कर्ज द्यावे, असे आज रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट आहे. आपल्या तालुक्यातल्या शाखेत ते किती पाळले जाते, हा प्रश्न आमदार-खासदाराला विचारण्यासारखा आहे. त्याच दोघांची मते 2027 च्या जुलैत पुढचा राष्ट्रपती ठरवणार आहेत.