हायपोथर्मिया : शरीर गारठते तेव्हा

निरोगी माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, की त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. दोन अंशांची ही घट किरकोळ वाटते. घरातील साधा तापमापक तर साधारणतः त्याच्या खाली मोजतच नाही. ताप पाहण्यासाठीच तो बनवलेला असतो!

हायपोथर्मियासाठी बर्फच हवा असे नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ओले कपडे आणि वारा एकत्र आले, की शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही धोका संभवतो. नवजात अर्भके आणि वृद्ध यांना तो घरातही असतो.

तापमान घसरू लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि स्नायूंना कापरे भरते. हे कापरे म्हणजे शरीराने उष्णता निर्माण करण्यासाठी चालवलेली धडपड होय. ३२ अंशांच्या खाली ती हळूहळू थंडावते. रुग्णाचे थरथरणे थांबले म्हणून सोबत्यांना हायसे वाटते, पण प्रत्यक्षात प्रकृती ढासळत असते. तत्पूर्वीच बोलणे अडखळते, बोटे ऐकत नाहीत, विचारशक्ती मंदावते. आपल्याला काही झाले आहे हे रुग्णाला उमगत नाही. काही जण तर अखेरच्या टप्प्यात अंगावरचे कपडे काढून टाकतात. आकुंचित रक्तवाहिन्या अचानक सैलावून त्वचेकडे रक्त धावते व उकडल्याचा भास होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

२८ अंशांच्या खाली हृदय इतके नाजूक होते, की रुग्णाला धसमुसळेपणाने हलवल्यासही त्याची लय बिघडू शकते. म्हणून अशा व्यक्तीस आडवे ठेवूनच अलगद हलवावे, ओले कपडे कापून काढावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि रुग्णालयात न्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य मुळीच देऊ नये. त्याने ऊब वाटते खरी, पण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उरलीसुरली उष्णताही निघून जाते.

आणि नाडी लागत नाही म्हणून आशाही सोडू नये. थंडीमुळे मेंदूची प्राणवायूची गरज कमालीची घटते. नॉर्वेतील नार्विकजवळ मे १९९९ मध्ये अ‍ॅना बोगनहोल्म ही २९ वर्षांची डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरील बर्फाखाली अडकली. तेथील हवेच्या पोकळीमुळे ती सुमारे ४० मिनिटे शुद्धीवर होती; मग हृदय थांबले. ८० मिनिटांनी बाहेर काढले तेव्हा नाडी नव्हती, श्वास नव्हता. तरीही छातीवर दाब देणे न थांबवता तिला हेलिकॉप्टरने ट्रोम्सोच्या रुग्णालयात नेण्यात आले. तेथे शरीराचे तापमान भरले अवघे १३.७ अंश. डॉ. मॅड्स गिल्बर्ट यांच्या पथकाने हृदय-फुप्फुस यंत्राद्वारे रक्त शरीराबाहेर घेऊन हळूहळू ऊबदार केले आणि हृदय पुन्हा धडधडू लागले. 'लॅन्सेट'ने २००० मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हातांच्या नसांची तक्रार तेवढी मागे राहिली. पुढे ती त्याच रुग्णालयात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करू लागली.